चुलीच्या देवाची रेवडी

सूमेइनं बूच काढून रबरी नळीचं एक टोक पेटीच्या पाठीमागच्या भोकात सरकवलं, दुसरं कानाला लावलं आणि श्वास रोखला.

हे तिचं रोजचं सकाळचं काम. तोंड धुतलं की आधी पेट्या, मग चहा. घरामागच्या उतारावर, पाइनच्या झाडांच्या आडोशाला, मधमाश्यांच्या पेट्या पेंढ्यात गळ्यापर्यंत गुंडाळून एका रांगेत बसवलेल्या होत्या. प्रत्येकीच्या दाराशी एक फळी तिरकी टेकवलेली. बर्फावरून परतलेलं ऊन फटीतून आत गेलं तर माश्यांना वाटतं वसंत आला, आणि बाहेर पडलेली माशी चार हात उडायच्या आत गारठून पडते. म्हणून हिवाळ्यात पुढच्या बाजूला कुणी हात लावायचा नाही. ऐकायचं ते मागून.

आत माश्या झोपलेल्या नसतात. एकमेकींना बिलगून घोस करतात, मधल्या बाहेर येतात, बाहेरच्या मध्ये जातात, आणि पानगळीच्या आधी साठवलेला मध थेंबाथेंबानं खात थंडी काढतात. त्या दिवसांत निरोगी पेटीचा आवाज मंद आचेवर भात शिजावा तसा येतो. भूक लागली की वाळक्या पानांची सळसळ ऐकू येते. त्या सकाळी यातलं काहीच नव्हतं. कुणाला तरी खोलीत कोंडलंय आणि ते दारावर धडका देतंय, असा आवाज नळीतून येत होता.

ती दुसऱ्या पेटीशी गेली. तिथेही तेच. तिसरीला, चौथीला, सगळ्यांना तेच. शेवटची, म्हाताऱ्या पाइनखालची पेटी तर अशी गरगरत होती की नळी न लावताही पेंढ्यावर हात ठेवला की कळावं. भोकातून आंबूस वास आला. सूमेइनं घाईनं बूच लावलं आणि तिथंच बर्फात बसली.

गेल्या हिवाळ्यात अर्ध्याहून जास्त पेट्या गेल्या होत्या. चूक तिचीच. पानगळीत पाऊस लांबला, साखरेचा पाक द्यायला उशीर झाला, उशिरा दिलेला पाक माश्यांना आटवून मेणानं झाकता आला नाही, आणि तो आतल्या आत आंबला. वसंतात झाकणं उघडली तेव्हा तळाशी काळी रास. यंदा तिनं थंडीच्या बऱ्याच आधी दाट पाक दिला होता, चौकटी हातात धरून वजन पाहिलं होतं, राहिलेल्या पेट्या जिवापाड जपल्या होत्या.

आणि तिच्या नवऱ्यानं, शीलिननं, हिवाळ्याच्या तोंडाशी फोनवर सांगून ठेवलं होतं. तो समुद्रकाठच्या तालिएन शहरात नव्या इमारतींना फरश्या बसवायचं काम करी आणि वर्षातून एकदा, नव्या वर्षाच्या सणाला घरी येई. तो वाईट माणूस नव्हता. मागच्या साली त्याची आई अंगणात बर्फावरून घसरली, ते त्याला फोनवर कळलं, आणि तेव्हापासून त्याच्या मनात एकच घोळत होतं. "यंदा माश्या जगल्या तर मी तोंड उघडणार नाही," तो म्हणाला होता. "मेल्या, तर वसंतात घराला कुलूप. आई, तू, सगळ्यांनी माझ्याबरोबर यायचं. बायको डोंगरात आणि नवरा समुद्रावर, हा काय संसार आहे?" त्याचं म्हणणं खोटं नव्हतं.

आता सणाला आठवडाही उरला नव्हता.

*

सूमेइ ह्या डोंगरातली नव्हे. तिचं माहेर सपाटीवरचं, मक्याच्या शेतांचं. लग्न होऊन हेशी गावात आली त्याच आठवड्यात तिला डोळ्यावर माशी चावली आणि नवी नवरी एक डोळा मिटून पाहुण्यांना चहा देत फिरली. गावातल्या बायका म्हणाल्या, तुंगच्या घरच्या माश्यांनी सून पसंत केली. सूमेइ मात्र रडत होती. त्या हिवाळ्यात सासऱ्यांनी, कमी बोलणाऱ्या तुंग म्हाताऱ्यांनी, एक दिवस तिच्या कानाला नळी लावली आणि फक्त "ऐक" म्हणाले. बाहेर नदी दगडासारखी गोठलेली होती आणि ह्या लाकडी खोक्यात काहीतरी वाहत होतं. तिची भीती त्या दिवशी गेली असं नाही, पण दुसऱ्या दिवशी ती आपणहून नळी मागायला गेली.

सासरे गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. ओळीतली शेवटची, पाइनखालची पेटी त्यांच्या हातची. तिच्यातल्या राण्या बदलल्या, चौकटी बदलल्या, पण वंश तोच, त्यांनी डोंगरातल्या झाडाच्या ढोलीतून आणलेल्या माश्यांचा. जंगलाच्या तोंडाशी गावानं तीन दगडांचं डोंगरदेवाचं देऊळ मांडलेलं आहे. सासरे दर वसंतात पहिल्या उड्डाणाच्या दिवशी तिथं चिमूटभर मध ठेवत. सूमेइनं ते मोडलं नव्हतं.

घरात आली तेव्हा सासूबाई चुलीशी बसून चिकट पिठाचे लाल घेवड्याचे लाडू वळत होत्या. सणासाठी करून बाहेर गोठवून ठेवायचे. म्हातारीनं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि हात थांबवला. माश्या बऱ्या आहेत ना, विचारलं. सूमेइ म्हणाली, आवाज बरा नाही.

"खायला मागतायत का?" सासूबाईंनी लगेच विचारलं.

तसं वाटत नाही, सूमेइ म्हणाली. पेट्या मागून उचलून पाहिल्या, जड आहेत. म्हातारीनं मान खाली घातली आणि पुन्हा लाडू वळायला लागली, पण त्यानंतरचे लाडू वाकडेतिकडे झाले. सूमेइच्या ते ध्यानात आलं नाही. तिच्या डोक्यात एकच चाललं होतं: भूक नाही, तर मग काय. उंदीर शिरला? मधच बिघडला? की यंदाही तिच्याच हातून काही राहिलं?

पुढची फळी काढून पाहावं तर बाहेर लख्ख ऊन पडलेलं, सगळा उतार आरशासारखा चमकत होता. अशा उजेडात दार उघडं करणं म्हणजे माश्यांना हाक मारून मरायला बोलावणं. आभाळ येईपर्यंत थांबायला हवं होतं, आणि आभाळ येईना.

दुसऱ्या दिवशी आवाज वाढला. सूमेइ सकाळी गेली, दुपारी गेली, संध्याकाळी उजेड असेपर्यंत जात राहिली. दर वेळी नळी कानाला लावताना तिला वाटे, आता शांत झाल्या असतील. मग वाटे, शांत झाल्या तर त्याचा अर्थ काय घ्यायचा. पाइनखालच्या पेटीच्या बुचाला ओल सुटली होती.

त्या दुपारी तिनं जे कधी करू नये ते करायला घेतलं. चुलीवर पातेलं चढवलं, साखर ओतली, पाणी घातलं. गरम पाक द्यावा, पोटात काहीतरी गोड गेलं तर निवतील. साखर विरघळत असताना तिला तुंग म्हाताऱ्यांच्या धाकट्या भावाची गोष्ट आठवली. त्यानं एका हिवाळ्यात दया येऊन असाच पाक दिला होता. माश्यांनी घोस मोडला, पाक पोटभर प्यायल्या, राणीनं अंडी घालायला सुरुवात केली, आणि पोट साफ करायला बाहेर जाता येईना तेव्हा घरातच घाण केली. माशी आपलं घर कधी मळवत नाही. सगळा हिवाळा पोटात धरून ठेवते आणि पहिल्या उबदार दिवशी बाहेर जाऊन मोकळी होते. घर मळलं की ती पेटी संपली. सासरे ही गोष्ट सांगताना भावाचं नावही घेत नसत.

सूमेइनं पातेलं उतरवलं. मागे सासूबाई उभ्या होत्या.

"दे की," त्या म्हणाल्या. "का थांबलीस?"

द्यायचं नसतं आई, एवढंच सूमेइ म्हणाली. म्हातारी त्या रात्री जेवली नाही. दात दुखतोय म्हणाली. तिला एकही दात नव्हता, हे सूमेइला अंथरुणावर पडल्यावर आठवलं.

त्या संध्याकाळी शीलिनचा फोन येऊन गेला होता. रस्ते बरे आहेत, उद्या दुपारपर्यंत पोचतो. माश्या कशा आहेत, त्यानं विचारलं. ऐकतेय, सूमेइ म्हणाली.

*

तिसऱ्या सकाळी आभाळ आलं. करडं, खाली उतरलेलं, उजेड नावाला. सूमेइ मनातल्या मनात डोंगरदेवाचे आभार मानत उतारावर गेली, पहिल्या पेटीच्या पुढचा पेंढा बाजूला केला आणि फळी उचलली.

दार नव्हतं. म्हणजे फटीच्या जागी दगडासारखं काहीतरी गच्च बसलेलं होतं, पिवळट, चकचकीत. बर्फ असेल म्हणून तिनं नखानं खरवडलं. बर्फ नखाखाली पांढरा निघतो. ह्याला खरवडलं तर नखाखाली तीळ आला.

तिनं दुसरी फळी उचलली. तिसरी. सगळ्या दारांना तेच. कुणीतरी मन लावून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, एकही फट न ठेवता रेवडी लिंपली होती. मोड आलेल्या धान्याच्या गुळाची, तिळात घोळलेली, चावली की दाताला धरून बसणारी रेवडी. वर्षातून एकदाच घरात येणारी. सणाच्या आठवडाभर आधी चुलीचा देव आकाशात घरचा हालहवाल सांगायला जातो, तेव्हा त्याच्या तसबिरीच्या ओठांना लावतात, म्हणजे तो वर जाऊन गोडच बोलेल, किंवा तोंड चिकटून काही बोलणारच नाही.

आत माश्यांना हवा मिळत नव्हती. तीन दिवस.

ती पळत घरात आली. सासूबाई चुलीच्या देवाच्या रिकाम्या भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. जुनी तसबीर जाळून झाली होती, नवी सणाच्या आदल्या दिवशी लागायची होती.

"आई, दारांना रेवडी लावलीत?"

म्हातारी वळली नाही. "मऊ करून लावली," ती म्हणाली. "तोंडात धरली आणि मऊ केली. चावली नाही गं, दात कुठं आहेत. नुसती मऊ केली."

"का?"

"गेल्या साली सुपानं भरून टाकल्या मी. तू हात लावायला तयार नव्हतीस. एक सूप, दुसरं सूप. मला वाटलं, उपाशी मेल्या. आपण आत बसून उकडीच्या करंज्या खातोय आणि ह्या दाराशी उपाशी. आणि आता तो येऊन कुलूप लावणार. म्हणून देवाला म्हटलं, वर जाशील तेव्हा ह्यांचंही चांगलं सांग. अर्धी त्याला लावली, अर्धी ह्यांना." मग आवाज खाली आणून म्हणाली, "म्हाताऱ्याच्या पेटीला थोडी जास्त लावली."

सूमेइच्या तोंडाशी खूप काही आलं. तीन दिवसांचं आलं, गेल्या वर्षाचंही आलं. पण म्हातारीच्या हनुवटीकडे तिचं लक्ष गेलं. ती हलत होती, अजून रेवडी चघळत असल्यासारखी.

"शीलिनला सांगू नकोस," सासूबाई म्हणाल्या. "म्हणेल, म्हातारीचं डोकं चालेना. नेऊन बसवेल त्या उंच इमारतीत. तिथं चूलसुद्धा नाही. देव कुठं राहील?"

सूमेइनं काही कबूल केलं नाही. तिनं घमेल्यात निखारे घेतले, पेट्यांतल्या मेलेल्या माश्या ओढायची वाकवलेली तार घेतली, आणि परत उतारावर गेली.

*

तार तापवायची, रेवडीत खुपसायची, फिरवायची, आणि लाकूड न जाळता, आत धूर न जाऊ देता बाहेर ओढायची. घाई केली तर वितळलेला गूळ आत ओघळून माश्यांच्या पायांना चिकटणार. सावकाश केलं तर आत आणखी माश्या गुदमरणार. सूमेइ गुडघ्यावर बसून काम करत होती. बोटांची जाणीव गेली होती, त्यामुळे तार किती गरम आहे हेही कळत नव्हतं.

पहिलं दार मोकळं झालं तेव्हा फटीतून वाफेचा श्वास आला. खरोखर श्वास, उबदार, ओला, आणि त्यामागून चिमूटभर मेलेल्या माश्या. तिनं नळी लावली. आतला गोंगाट तसाच होता. दुसऱ्या पेटीकडे जाऊन परत आली, तेव्हा जरा उतरला होता. चौथी मोकळी करेपर्यंत पहिली भातासारखी शिजायला लागली होती. सूमेइच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि गालावरच गोठलं.

पाइनखालच्या पेटीला सगळ्यात जास्त वेळ लागला. म्हातारीनं नवऱ्याच्या पेटीला हात सैल सोडून वाढलं होतं. दार उघडलं तेव्हा वाफ आली नाही, नुसता आंबूस वास आला. उंबऱ्यावर पिवळे डाग. घर मळलं होतं. आणि आवाज उतरत नव्हता.

"नवरा वर्षानं घरी येतो आणि बायको माश्यांची दाढी करत बसलेली," मागून कुणीतरी म्हणालं.

शीलिन पिशवी खांद्यावर तशीच ठेवून उभा होता. टोपीवर बर्फ. हसत होता, पण तिचा चेहरा पाहून हसू गेलं. काय झालं, त्यानं विचारलं.

"दारं गोठली होती," सूमेइ म्हणाली. "माझंच राहिलं बघायचं."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या हातातल्या तारेकडे, मग घराच्या खिडकीकडे. खिडकीत कुणी नव्हतं. कुठल्या गेल्या, एवढंच त्यानं विचारलं.

बाकीच्या राहतील, सूमेइ म्हणाली. ही बाबांची नाही राहत. हिचं पोट बिघडलंय. हिला आत्ता बाहेर उडता आलं तर वाचेल, आणि बाहेर हे असलं.

मग सूमेइ जे म्हणाली ते आपण कधी म्हणू असं तिलाही वाटलं नव्हतं. "हिला फेंगछिनकडे न्यायची. तिच्या स्ट्रॉबेरीच्या मांडवात."

"तू?" शीलिन म्हणाला. "तू नेणार?"

फेंगछिन तिची मामेबहीण, खाली समुद्राकडच्या सपाटीवर प्लास्टिकच्या मोठ्या मांडवांत स्ट्रॉबेरी पिकवणारी. भर हिवाळ्यात तिथं फुलं येतात आणि त्या फुलांना माश्या लागतात. दर वर्षी ती पेट्या मागायची, दर वर्षी सूमेइ नाही म्हणायची. त्या मांडवात माश्या हिवाळाभर राबतात, छताला वसंत समजून डोकं आपटतात, आणि पेटी परत येते ती रिकामी. फेंगछिन चिडवायची, "लेकी आहेत का तुझ्या, सासरी पाठवायला रडतेस?" सूमेइ म्हणायची, सासरी गेलेली सणाला तरी परत येते.

*

शेजाऱ्याची तीन चाकी गाडी घेतली. पेटी जुन्या गोधडीत गुंडाळली, दाराला जाळी लावली. सूमेइ मागे पेटीला मिठी मारून बसली, नळी कानाला. शीलिन पुढे चालवत होता. गाडीत चढवताना त्यानं पेटी छातीशी धरली होती, तेव्हा सासूबाई दारात आल्या होत्या. नुसते हात जोडून उभ्या राहिल्या, आणि ते हात कुणाला जोडले होते ते सूमेइला कळलं नाही.

रस्ता घाटाचा, वर बर्फ दाबून काच झालेली. पेटीला धक्का बसला तर घोस तुटून तळाशी पडतो, आणि थंडीत पडलेला घोस परत चढत नाही. शीलिन पायी चालल्यासारखी गाडी चालवत होता. मागून येणारे ट्रक भोंगे वाजवून पुढे जात होते, एकानं खिडकीतून शिवी दिली. तो माणूस एरवी शिवीला शिवीनं उत्तर दिल्याशिवाय राहिला नसता. आज त्यानं मान वळवली नाही.

अर्ध्या घाटात आवाज थांबला.

सूमेइनं नळी काढली, झटकली, पुन्हा लावली. काही नाही. तिनं शीलिनच्या पाठीवर थाप मारली. त्यानं गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. दोघं पेटीवर वाकले. डोंगरात इतकी शांतता होती की पाइनवरून बर्फ घसरल्याचं ऐकू येत होतं.

"वाजव," तो म्हणाला.

सूमेइनं बोटाच्या पेरानं पेटीवर टकटक केलं. जिवंत पेटी ह्याला उत्तर देते, एकदम सूं करते आणि गप्प होते. उत्तर आलं नाही. तिनं पुन्हा वाजवलं. मग शीलिननं नळी तिच्या हातातून घेतली. त्यानं ती कधी कानाला लावलेली तिनं पाहिली नव्हती. तो डोळे मिटून ऐकत राहिला, आणि त्याचा चेहरा हुबेहूब सासऱ्यांसारखा दिसायला लागला.

"आहे," तो म्हणाला. "अगदी लांबून. आहे."

उरलेला घाट तिनं नळी लावली नाही. हिंमतच झाली नाही.

*

मांडवाचं दार उघडलं आणि चष्म्यावर वाफ धरावी तसं सगळं धूसर झालं. आत उन्हाळा होता. हिरव्या वाफ्यांवर पांढरी फुलं, मधूनमधून लालचुटुक फळं, ओल्या मातीचा वास. फेंगछिन सणाचं नवं लाल जाकीट घालून मिरवत होती. ते तिनं बहिणीला दाखवायला मुद्दाम घातलं होतं.

"शेवटी आणलीस ना लेक सासरी?" ती म्हणाली. मग सूमेइचा चेहरा पाहून म्हणाली, "बस. आधी बस."

सूमेइ बसली नाही. पेटी वाफ्यांच्या मध्ये ठेवली, जाळी काढली, आणि तिघं बाजूला झाले.

काहीच झालं नाही. दाराशी एक माशी आली, तिथंच उताणी पडली. फेंगछिननं कुजबुजत विचारलं, आहेत ना आत? शीलिननं तिला हातानं गप्प केलं. वर प्लास्टिकवर बर्फ वितळून थेंब सरकत होते. सूमेइ मनात कुणाचं नाव घेत होती ते तिलाही सांगता आलं नसतं. डोंगरदेवाचं, चुलीच्या देवाचं, सासऱ्यांचं, सगळ्यांचं एकत्रच.

दुसरी माशी आली. उंबऱ्यावर उभी राहिली, पंख चोळले, आणि उडाली. वाकडी, जड, पण उडाली. मग तिसरी, मग एकदम दहावीस, मग घागर कलंडावी तशा. मांडवभर पिवळ्या थेंबांचा पाऊस सुरू झाला. छतावर, पानांवर, आणि फेंगछिनच्या नव्या जाकिटावर.

"अगं बाई," फेंगछिन खांद्याकडे बघत म्हणाली, "सासरी आल्या आल्या सासूवरच?"

शीलिन हसला. सूमेइ हसली नाही, ती मोजत असल्यासारखी दाराकडे बघत होती. माश्या आहेत, पण राणी? राणी मेली असेल तर हे उडणं शेवटचं. ते आज कळणार नव्हतं. राणी जिवंत असली की माश्या पिल्लांसाठी फुलांतला पराग पायांना लावून आणतात. नसली की कुणी आणत नाही. फेंगछिनला तिनं तेवढं बघायला सांगितलं, झाकणाला कुणी हात लावू नये हे दोनदा सांगितलं, आणि मागे वळून न बघता गाडीत बसली.

*

सणाच्या आदल्या दिवशी घरात सणाच्या उकडीच्या करंज्या भरायचं काम चाललं होतं. आंबवलेल्या कोबीचं सारण, पातळ पाऱ्या. सासूबाई पाऱ्या लाटत होत्या आणि कुणाकडे बघत नव्हत्या. उतारावरच्या पेट्या भातासारख्या शिजत होत्या, सकाळी सूमेइनं दोनदा ऐकल्या होत्या. पण म्हातारीनं एका पेटीचंच विचारलं होतं, आणि तिचं उत्तर अजून नव्हतं.

फोन वाजला. सूमेइचे हात पिठात होते, म्हणून शीलिननं घेतला. पलीकडून फेंगछिन इतक्या मोठ्यानं बोलत होती की सगळ्या खोलीला ऐकू आलं. सूमेइला सांग, पायांना पिवळे गोळे लावून येतायत. सकाळपासून. प्रत्येक फुलावर बसतायत, माझी सगळी फळं गोल येणार यंदा. आणि जाकीट धुऊन निघत नाही, तेही सांग.

सूमेइ तशीच पिठाच्या हातांनी जमिनीवर बसली. सासूबाईंचं लाटणं थांबलं.

ती पेटी आता डोंगरात लगेच परत येणार नव्हती. राणीनं अंडी घालायला घेतली होती. वसंतापर्यंत तिला तिथं फुलांवरच राहायला हवं, आणि त्यातल्या किती माश्या परत येतील ते कुणी सांगावं. पण वंश राहिला होता.

शीलिननं फोन ठेवला. चुलीशी जाऊन नवी तसबीर उचलली, भिंतीला लावायची म्हणून. देव आज परत यायचा होता. खळ बोटांना चिकटली आणि त्याला कोटावरचा डाग आठवला. त्यानं खुंटीवरचा आपला कोट काढला. पेटी धरली होती तिथं, छातीवर, काहीतरी चिकटून वाळलं होतं. त्यानं नखानं ते सुटं केलं, उजेडात धरलं. पिवळट तुकडा, त्यात तीळ.

म्हातारीनं सूमेइकडे पाहिलं. सूमेइनं नकारार्थी मान हलवली. तिनं काही सांगितलं नव्हतं.

शीलिननं तुकडा चुलीत टाकला. तसबीर सरळ लावली, मागे होऊन पाहिली, पुन्हा जराशी हलवली.

"आई," तो पाठमोराच म्हणाला, "पुढच्या वर्षी रेवडी देवालाच लाव सगळी. बाहेर थंडीत ती कडक होते."

म्हातारीनं हो म्हटलं. मग लाटणं उचललं आणि पारी लाटायला घेतली.